क्रूझच्या केबिनची चतुःसीमा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत गेले काही महिने क्रूझच्या सहलींवरचे लेख आणि जाहिराती नियमितपणे येत आहेत. जहाजावरचा तरणतलाव, नाटकगृह, जेवणातले प्रकार, बाल्कनीतून दिसणारा सूर्यास्त या सगळ्यांचे वर्णन त्यांत असते आणि माणशी दरही असतात. मात्र ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच जहाजावर पाऊल ठेवायचे आहे, त्याने त्या भल्यामोठ्या जहाजात नेमक्या कोणत्या ठिकाणची खोली मागावी, याविषयी एक ओळही माझ्या वाचनात आलेली नाही. खोलीचे प्रकार सांगितले जातात, म्हणजे बिनाखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि सर्वांत ऐसपैस ‘सूट’. पण ती खोली जहाजाच्या पुढच्या टोकाला आहे की मध्यावर, वरच्या मजल्यावर आहे की खालच्या, आणि तिच्या डोक्यावर व पायाखाली काय आहे, हे कोणी सांगत नाही. माझ्या अनुभवाप्रमाणे पहिल्या सफरीचे सुखदुःख प्रकारापेक्षा या जागेवरच अधिक ठरते, म्हणून हे थोडे लांबलेले पत्र लिहीत आहे.

मी दिग्रस तालुक्यातील एका खेड्यात राहणारा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. आमच्याकडे मोठे पाणी म्हणजे अरुणावती धरण आणि बोट म्हणजे डोंगा. भूगोलाच्या तासाला मी भरती-ओहोटी शिकवली ती फळ्यावर गोल काढून. पण आता काळ बदलला आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाल्यापासून कारंजा लाडजवळ गाडी वर चढवली की माणूस थेट ठाणे जिल्ह्यात उतरतो. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले, त्यात पाच वर्षांत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट आहे. पाठोपाठ सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरात नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही झाले. त्यामुळे यापुढे जहाजावर चढणाऱ्यांत आमच्यासारखे, म्हणजे मुलगा पुण्याला नोकरीला, नुकतीच हाती आलेली ग्रॅच्युइटी, आणि समुद्र फक्त चौपाटीवरून पाहिलेला, असे लोक पुष्कळ असणार आहेत. कोकणातल्या माणसाला हे सांगावे लागत नसावे. त्याच्या मागच्या पिढ्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जात होत्या आणि ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग त्यांनीच मराठीला दिला असणार. आम्हाला आतापर्यंत फक्त गाडी लागत होती.

आमची सफर मागच्या नोव्हेंबरात, दिवाळीनंतर झाली. मुंबईहून निघून गोवा करून पुन्हा मुंबई, असा तीन रात्रींचा कार्यक्रम होता. मी व सौभाग्यवती, आणि माझे साळभाऊ (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, साडू) व त्यांची पत्नी, म्हणजे सौभाग्यवतींची धाकटी बहीण, असे चौघे होतो. तिकिटे जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका एजंटाकडून काढली. त्याने मला सांगितले, “गुरुजी, वरच्या मजल्यावर पुढच्या अंगाची खिडकीवाली रूम आहे, थोडे पैसे जास्त लागतील, पण अगदी कॅप्टनच्या शेजारी.” माडीवरची खोली ती मानाची, हा आपला गावाकडचा हिशेब. मी आनंदाने जास्तीचे पैसे भरले. साळभाऊ पैशाच्या बाबतीत अत्यंत सावध गृहस्थ असल्यामुळे त्यांनी सर्वांत स्वस्त, बिनाखिडकीची खोली मागितली आणि त्यांना ती खालच्या मजल्यावर, जहाजाच्या जवळजवळ मधोमध मिळाली. शेजाऱ्यांनी तर त्यांना निघण्यापूर्वीच ऐकवले होते, “पैसे भरून बिनाखिडकीच्या खोलीत राहाचं, त मंग आपली धान्याची कोठी काय वाईट हाय?”

जाताना दोन्ही खोल्यांत कसलाच त्रास झाला नाही. परतीच्या रात्री जहाज गोव्याहून उत्तरेकडे निघाले आणि वारा व लाटा समोरून येऊ लागल्या. समुद्र खवळलेला वगैरे मुळीच नव्हता. खोली आवरायला येणारा मुलगा म्हणाला की असे असतेच. रात्री अकराच्या सुमारास आमचा पलंग सावकाश वर जाऊ लागला, वर गेल्यावर क्षणभर थांबल्यासारखा व्हायचा आणि मग खाली जायचा, तेव्हा आकाशपाळणा खाली येताना पोटात जसा गोळा येतो तसा यायचा. कपाटातले रिकामे हँगर एकमेकांवर टिकटिक आपटत होते. अधूनमधून पुढून कुठून तरी धप्प असा आवाज येऊन भिंत थरथरायची. सौभाग्यवतींनी पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि थोड्याच वेळात त्यांना उलट्या सुरू झाल्या. मी त्यांना सांभाळत जिन्याने साळभाऊंच्या खोलीवर घेऊन गेलो. दार उघडायला वेळ लागला, कारण आत दोघेही गाढ झोपले होते.

मग व्यवस्था अशी केली की दोघी बहिणींनी खालच्या खोलीत झोपावे आणि साळभाऊंनी माझ्यासोबत वर यावे. सौभाग्यवती पंधरा-वीस मिनिटांत शांत झाल्या व झोपल्या. साळभाऊ वर येताना “वरची हवा चांगली राह्यते म्हनत होते ना तुमी?” असे म्हणून हसत होते, ते अर्ध्या तासात गप्प झाले आणि पाऊण तासात त्यांनी बाथरूम गाठले. शेवटी आम्ही दोघे पुरुष मध्यभागच्या स्वागतकक्षातल्या सोफ्यांवर जाऊन बसलो, आणि तिथे साळभाऊंचा रंग पुन्हा माणसासारखा झाला. जहाज एक, रात्र एक, लाटा त्याच, आणि माणसे अदलाबदल करूनही निकाल खोलीप्रमाणेच लागला. याहून चांगला प्रयोग मला शाळेत तीस वर्षांत करून दाखवता आला नव्हता. यात जहाजाचा किंवा त्यावरच्या कर्मचाऱ्यांचा काही दोष नव्हता. आम्ही न विचारता माडी घेतली, एवढेच.

एक गोष्ट मात्र मला त्या रात्री कोड्यात टाकणारी वाटली. दोन्ही खोल्यांत बाथरूमचा पडदा मी मुद्दाम पाहिला. तो दोन्हीकडे जवळजवळ सारखाच झुलत होता. मग त्रास एकाच खोलीत का व्हावा? याचे उत्तर शाळेच्या मैदानातल्या सी-सॉवर आहे. फळी कलते तेव्हा ती सगळीकडे सारख्याच कोनात कलते, पण टोकावर बसलेले पोर हवेत जाते आणि मध्याजवळ बसलेले जागच्या जागी राहते. पडदा फक्त कोन दाखवतो. पोट मात्र कोनावर बिघडत नाही, ते वरखाली जाण्यावर बिघडते.

निवृत्त झालो तरी हातातला खडू सुटत नाही, म्हणून हिशेब मांडतो. जहाज २०० मीटर लांब धरू, म्हणजे मध्यापासून प्रत्येक टोक १०० मीटरवर. समोरच्या लाटेने जहाजाचे नाक फक्त एका अंशाने उचलले गेले, तर टोकाची खोली सुमारे पावणेदोन मीटर वर जाते आणि नाक तितकेच खाली गेले की पावणेदोन मीटर खाली येते. म्हणजे वर-खाली मिळून साडेतीन मीटरचा, घराच्या एका मजल्याहून मोठा प्रवास, आणि तो दर आठ-दहा सेकंदांनी, रात्रभर. त्याच वेळी मध्यापासून १० मीटरवरच्या खोलीत हा प्रवास सारा मिळून पस्तीस सेंटीमीटर, म्हणजे फार तर दीड वीत. डावीकडे-उजवीकडे होणाऱ्या डोलण्याचेही असेच आहे, फक्त तिथे लांबीऐवजी उंची मोजायची. जहाज पाण्याच्या पातळीच्या आसपासच्या रेषेभोवती डोलते असे ढोबळमानाने धरले, तर तीन अंशांच्या डोलण्यात त्या रेषेपासून पंचवीस मीटर उंचीवरची खोली दोन्ही बाजूंना सव्वा मीटरहून अधिक सरकते आणि पाच मीटर उंचीवरची खोली वीतभरच. जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या अंगाची खोली पोटाला सोसवते, ती या दोन हिशेबांमुळे. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी एसटीच्या मागच्या चाकामागची शेवटची सीट आठवावी.

एजंट लोक यावर सांगतात की आताच्या जहाजांना स्टॅबिलायझर असतात, काहीच जाणवत नाही. स्टॅबिलायझर असतात हे खरे. जहाजाच्या दोन्ही कुशींना पाण्याखाली माशाच्या परांसारखे पंख बाहेर काढलेले असतात आणि जहाज चालत असताना ते आपला कोन बदलून डोलणे पुष्कळ कमी करतात. पण ते कमी करतात ते डावे-उजवे डोलणे. नाक वर-खाली होण्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही, आणि समोरून लाटा असल्या की तेच होत असते. अर्धे खरे सांगून विकलेली खोली ग्राहकाला रात्री अकरा वाजता पूर्ण खरी समजते.

खालची खोली म्हटले की आमच्या भागातल्या लोकांच्या मनात बुडण्याची भीती येते, हेही मी ऐकले आहे. यावर एवढेच सांगतो की अगदी तळाचे मजले इंजिन, सामान आणि कर्मचाऱ्यांसाठी असतात, प्रवाशांच्या खोल्या साधारणपणे पाण्याच्या रेषेच्या वरच असतात. संकटात जमायची जागा प्रत्येकाला ठरवून दिलेली असते. इटलीच्या किनाऱ्याजवळ जानेवारी २०१२ मध्ये ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जण दगावल्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले, आणि २०१५ पासून एका दिवसाहून लांबच्या सफरीत त्या जागी जमण्याची कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावीच लागते. खोली कुठलीही असो, तिथून त्या जागेपर्यंतचा जिना एकदा स्वतः चालून पाहावा. लिफ्टने नव्हे, कारण संकटात लिफ्ट वापरायची नसते.

आता खिडकीचा प्रश्न. बिनाखिडकीच्या खोलीत गुदमरायला होते असा समज आहे, पण हवा यंत्राने खेळती ठेवलेली असते आणि दिवा मालवला की इतका मिट्ट काळोख होतो की झोप उत्तम लागते. मात्र तिची एक खरी अडचण आहे. बोट लागते ती कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव ‘हलतो आहोत’ असे सांगतो आणि डोळे ‘खोली तर स्थिर आहे’ असे सांगतात, या भांडणामुळे. डोळ्यांना क्षितिज दिसले की भांडण बरेचसे मिटते. म्हणून बिनाखिडकीच्या खोलीत मळमळ सुरू झाली तर तिथे मोबाइल पाहत बसू नये. एकतर डोळे मिटून आडवे व्हावे किंवा मधल्या भागात उघड्या डेकवर जाऊन दूरची रेषा पाहावी. ज्याला चिखलदऱ्याचा घाट चढताना हमखास गाडी लागते, त्याने मध्यावरची, खालच्या मजल्यावरची पण खिडकी असलेली खोली मिळाली तर तीच घ्यावी आणि गोळ्यांविषयी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरला विचारून घ्यावे, कारण त्या गोळ्या उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. पण पैसे मोजकेच असतील आणि टोकाची खिडकीवाली व मध्याची बिनाखिडकीची यांतून एक निवडायची असेल, तर मी आता डोळे झाकून मध्याची घेईन. खिडकी सौभाग्यवतींनी त्या रात्री एकदाही पाहिली नाही.

हालचालीनंतर येतो तो आवाज. आपण शेत घेताना नुसता सातबारा पाहून व्यवहार करत नाही, चतुःसीमा पाहतो. पूर्वेला कोणाचे शेत, पश्चिमेला नाला आहे का, वाट कुठून जाते, हे सगळे विचारतो. केबिनला चार नव्हे, सहा सीमा असतात, कारण तिला डोक्यावर आणि पायाखालीही शेजारी असतो. आमच्या खोलीच्या बरोबर वर उघडा डेक होता. पहाटे साडेपाचला तो धुऊन खुर्च्या मांडायला सुरुवात झाली आणि लोखंडी पायांच्या खुर्च्या आमच्या छतावरून एकामागोमाग एक घासत नेल्या जाऊ लागल्या. आदल्या दोन पहाटे मी ते ऐकले होते, तिसऱ्या पहाटे स्वागतकक्षात बसल्यामुळे सुटलो. हे सगळे जहाजाच्या मजलेवार नकाशात, ज्याला डेक प्लॅन म्हणतात, स्पष्ट छापलेले असते. तो नकाशा कंपन्यांच्या संकेतस्थळांवर फुकट असतो आणि मोबाइलवर उघडतो. आपल्या मजल्याचा नकाशा पाहिला की तेवढ्यावर थांबू नये. त्याच्या वरच्या आणि खालच्या मजल्याचाही उघडून आपल्या खोलीची जागा तिन्हींवर जुळवून पाहावी. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील तर उत्तम, कारण झोपणारा शेजारी गोंगाट करत नाही. वर तरणतलाव, जेवणघर किंवा व्यायामशाळा असेल, खाली नाटकगृह किंवा नाचगाण्याचा हॉल असेल, तर ती खोली स्वस्त का मिळते आहे हे लगेच कळते. नकाशात काही ठिकाणी कोरी पांढरी जागा दिसते, तिथे बहुधा स्वयंपाकघर, सामानाची खोली किंवा कर्मचाऱ्यांची वाट असते, आणि तिथली दारे रात्रभर उघडझाप करत असतात.

याशिवाय पुढच्या टोकाच्या खालच्या खोल्यांना नांगराच्या साखळीचा गडगडाट ऐकू येतो. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठे जहाज धक्क्याला लागत नाही, ते नांगर टाकून दूर उभे राहते आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी नेतात. जहाज धक्क्याला लावताना ते आडवे सरकवण्यासाठी पुढच्या भागात वेगळे पंखे असतात, ते सुरू झाले की जवळच्या खोल्यांचा पलंग पिठाच्या गिरणीसारखा थरथरतो, आणि जहाजे धक्क्याला लागतात ती बहुधा भल्या पहाटे. मागच्या टोकाला मागे पसरत जाणारा पांढरा फेसाळ पट्टा फार सुंदर दिसतो, पण तिथेही वरखाली होणे पुढच्या टोकाइतकेच असते आणि जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्यांची थरथर अधिक. अगदी समोर तोंड असलेल्या खोल्यांची आणखी एक गंमत म्हणजे रात्री तिथे पडदे घट्ट लावून घ्यावे लागतात, कारण खिडकीतला उजेड बाहेर पडला तर वर जहाज हाकणाऱ्यांना अंधारातले नीट दिसत नाही. म्हणजे कॅप्टनच्या शेजारी राहण्याचा मान असा असतो.

बाल्कनीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण आम्ही ती घेतली नव्हती आणि ज्याचा अनुभव नाही त्यावर शिक्षकाने फार बोलू नये. तरी नकाशावरून कळण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. काही खोल्यांच्या समोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात, त्यामुळे समुद्राऐवजी नारंगी रंगाचे पत्र्यासारखे पोट दिसते. अशा खोल्यांपुढे ‘दृश्य अडलेले’ असा शेरा बारीक अक्षरांत असतो, तो वाचावा. आणि ‘ओएसिस ऑफ द सीज’ २००९ मध्ये आल्यापासून परदेशातल्या काही अतिविशाल जहाजांवर बाल्कनी समुद्राकडे न उघडता जहाजाच्या आतल्या बागेकडेही उघडते. वाड्याच्या चौकाकडे तोंड केलेल्या सज्जासारखी ती असते, आणि ज्याला तेच हवे आहे त्याने ती जरूर घ्यावी. पण बाल्कनी म्हणजे समुद्र दिसणारच, असे गृहीत धरू नये.

डावी बाजू की उजवी, हा प्रश्नही जाहिरातींत कुठे नसतो. मुंबईहून गोव्याकडे, म्हणजे दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या हाताला राहतो आणि सूर्य उजव्या हाताला मावळतो. परत येताना नेमके उलट. सफर गोल फिरून येणारी असेल तर दोन्ही बाजूंना दोन्ही गोष्टी वाटून मिळतात, तेव्हा बाजूसाठी जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही. एकाच दिशेची सफर असेल तर मात्र नकाशा समोर घेऊन बसावे. खोलीच्या क्रमांकात सुरुवातीचा अंक बहुधा मजल्याचा असतो, पण सम क्रमांक डावीकडे की उजवीकडे हे कंपनीगणिक बदलते, म्हणून अंदाजाने ठरवू नये.

आमच्या वयाच्या माणसांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी राहिली, ती म्हणजे गुडघे. दोनशे मीटर लांबीच्या जहाजात टोकाच्या खोलीतून दुसऱ्या टोकाच्या जेवणघरात जायचे म्हणजे गावच्या पारापासून मारुतीच्या देवळापर्यंत जाण्यासारखे आहे, आणि ते दिवसातून चार-पाच वेळा, गालिचा घातलेल्या एकसारख्या अरुंद बोळातून. लिफ्ट सर्व ठिकाणी नसते. ठरावीक दोन-तीन जागीच असते. लिफ्टपासून चार-सहा दारे सोडून असलेली खोली सोयीची पडते. अगदी लिफ्टसमोरची घेतली तर रात्री उशिरा परतणाऱ्यांच्या गप्पा ऐकाव्या लागतात. बाथरूमच्या दाराला उंच उंबरठा असतो, त्याला आमच्या सौभाग्यवती दोनदा अडखळल्या. आमच्या घरांना उंबरठे असतातच, तरीही अडखळल्या, यावरून त्याची उंची समजावी. दोन कुटुंबे सोबत असतील तर आतून जोडलेल्या दाराच्या दोन खोल्या मिळू शकतात. पण पलीकडे अनोळखी कुटुंब असेल, तर त्याच दारातून त्यांचे भांडणही आत येते.

आता मुख्य तक्रार. यांतली कोणतीही माहिती एजंटाने आम्हाला दिली नाही आणि आम्हीही विचारली नाही, कारण विचारायला काय असते हेच ठाऊक नव्हते. आगाऊ रक्कम घेताना पावतीवर फक्त खोलीचा प्रकार लिहिला होता. क्रमांक निघायच्या आठवडाभर आधी कळला. साळभाऊंची खोली तर ‘गॅरंटी’ या नावाखाली घेतलेली होती. या गोंडस शब्दाचा अर्थ असा की प्रकाराची हमी कंपनी देते, पण जागा ती ठरवते, आणि म्हणूनच दर कमी असतो. साळभाऊंचे नशीब थोर म्हणून त्यांना मध्याची मिळाली. तीच पुढच्या टोकालाही मिळू शकली असती आणि मग तक्रारीला जागा नव्हती. अनुभवी माणसाने स्वस्तात जाण्यासाठी हा मार्ग जरूर घ्यावा, पण ज्याला आपले पोट समुद्रावर कसे वागते हेच अजून माहीत नाही, त्याने पहिल्या खेपेला तरी हा जुगार खेळू नये असे माझे मत आहे. थोडे अधिक पैसे क्रमांक निवडण्यासाठी द्यावेत आणि बाल्कनीचे वाचवावेत.

माझी आपणास विनंती अशी आहे की पर्यटन पुरवणीत क्रूझवरचा पुढचा लेख छापताना त्यासोबत एखाद्या जहाजाचा लांबीच्या दिशेने घेतलेला उभा छेद आणि एका मजल्याचा नकाशा छापावा आणि त्यावर मध्य, टोके, लिफ्ट, तरणतलाव, स्वयंपाकघर एवढे तरी दाखवावे. तरणतलावाचे रंगीत छायाचित्र थोडे लहान केले तर जागा निघेल. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तिकिटे विकणाऱ्या एजंटांनीही पैसे घेण्यापूर्वी खोलीचा क्रमांक किंवा क्रमांक मिळणार नसेल तर तसे स्पष्ट शब्दांत पावतीवर लिहून द्यावे, आणि डेक प्लॅनची एक छापील प्रत हातात द्यावी. त्यांना तो खर्च दोन रुपयांचा आहे.

येत्या फेब्रुवारीत आम्ही चौघे पुन्हा जाणार आहोत. सौभाग्यवती आधी तयार नव्हत्या. मी वहीच्या पानावर जहाज काढून मध्यावर, खालून दुसऱ्या मजल्यावर, एक चौकोन रंगवून त्यांना दाखवला, तेव्हा “वरही खोल्या, खालीही खोल्या?” असे विचारून त्यांनी होकार दिला. साळभाऊंनी मात्र या वेळी खिडकीची खोली मागितली आहे, आणि एजंटाला फोन करताना ते मला शेजारी बसवून घेतात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
ता. दिग्रस, जि. यवतमाळ